काचेवरची डबी

लहानपणी ऐकलेला एक आवाज माझ्या कानात अजून आहे. पत्र्याच्या डब्यावर लाकूड मारल्याचा. ठण... ठण... ठण. थंडीत उल्हास नदीवर धुकं उतरायचं, समोरचा काठ दिसायचा नाही. तेव्हा होडीवाल्याची बायको आमच्या काठावर बसून रॉकेलचा रिकामा डबा वाजवायची आणि तो पलीकडून आवाजाच्या रोखानं होडी वल्हवत आणायचा. मी बापाच्या मांडीला चिकटून होडीत बसलेला असायचो. एकदा मी विचारलं, "बाबा, तिनं डबा भलतीकडंच वाजवला तर?"

बाप म्हणाला, "तिचा नवरा हाय होडीत. कशाला वाजवंल?"

रस्ता दाखवणाऱ्याचं कोणीतरी होडीत असावं लागतं, एवढं मी तेव्हा शिकलो. म्हणून शेठनं आमच्या गाड्यांच्या काचेवर ती रस्ता सांगणारी डबी आणून चिकटवली, तेव्हा मला पहिल्या दिवसापासून तिचा संशय आला. तिचं आमच्या गाडीत कोणी नव्हतं.

आमचा स्टँड अंबरनाथ पूर्वेला, स्टेशनपासून जरा आत, पिंपळाखाली. सहा टुरिस्ट गाड्या, सहा ड्रायव्हर, शेठ एक. अशा स्टँडवर किस्से कसे साचतात, सांगतो. पॅसेंजर डिकीत छत्र्या विसरून जातात. मागायला कोणी येत नाही, आणि टाकवत तर मुळीच नाही. तसंच. मी बोलतो हळू, त्यामुळे माझा किस्सा अर्ध्यावर आला की कोणाचा तरी पॅसेंजर येतो आणि ऐकणारे उठून जातात. इथं लिहून काढतोय, म्हणजे एकदा तरी पुरे होतील.

* * *

डब्या आल्या त्या दिवसाचं आधी सांगतो.

शेठ उल्हासनगरचा, सिंधी माणूस. नाव खूबचंद. स्कूटरवरून येतो, गाडीत बसत नाही. म्हणतो, "गाडी पॅसेंजर के लिए है, साईं, मालिक के लिए नहीं." कुठल्याशा आयातवाल्याकडून त्यानं स्वस्तात लॉट उचलला होता. तळहाताएवढी वस्तू, मोबाईलपेक्षा जरा जाड, मागं रबराची वाटी. ती काचेला दाबली की चिकटते. आत नकाशा, आणि एक बाई हिंदीत सांगते, आगे से बाएँ मुड़िए.

बाळारामनं ती हातात घेऊन उलटीपालटी केली, हुंगली आणि म्हणाला, "चुन्याची डबी हाय नुसती." तेव्हापासून तिचं नाव डबी.

हा बाळाराम म्हणजे माझा जुना सोबती. आम्ही दोघं एकाच वर्षी स्टेअरिंगवर बसलो. राहायला बदलापुरात मांजर्लीला, नदीकडच्या जुन्या घरात. त्याचा मुलगा महेश कंपनीत नोकरीला, बदलापुरातच शिरगावात फ्लॅट घेऊन राहतो, पोरगा चांगला आहे. दर रविवारी येऊन बापाला एकच गोष्ट सांगायचा, "बाबा, आता गाडी सोडा. घरी बसा." बाळाराम मला म्हणायचा, "धर्मा, गाडी सुटली ना, की मी आठ दिवसांत मरंन बघ. मला दुसरं काय येतंय?" तो हे हसत बोलायचा, पण त्यात खोटं काही नव्हतं. सकाळी गाडी पुसताना मी त्याला तिच्याशी बोलताना ऐकलं आहे.

शेठनं नियम सांगितला. डबी काचेवरून काढायची नाही. आजकाल पॅसेंजरचा ड्रायव्हरवर विश्वास नसतो, त्याला समोर नकाशा दिसला पाहिजे.

आमच्यात सूरज सगळ्यात तरुण, पंचविशीतला. त्यानं विचारलं, "शेठ, मोबाईल में सब आता है ना, ये किसलिए?"

शेठ म्हणाला, "मोबाईल पे तेरी गर्लफ्रेंड भी आती है. इसमें सिर्फ रास्ता आता है."

* * *

शेठची स्कूटर वळली तसा सूरज हळूच म्हणाला, "काका, यात सगळं रेकॉर्ड होतं. आपण कुठं थांबलो, किती वेळ थांबलो, सब शेठ के पास जाता है."

झालं. त्या दिवसापासून आम्ही डबीसमोर शेठचं नावही काढेनासे झालो. चहाला जाताना मी तिच्यावर रुमाल टाकायचो. आता वाटतं, रुमालानं काय होणार होतं. पण टाकायचो.

बाळारामनं त्यापुढची युक्ती काढली. त्याला बायकोला मुरबाडकडं, तिच्या बहिणीकडं पोचवायचं होतं. ड्युटीच्या वेळात खाजगी फेरी बंद, हा शेठचा कायदा. सूरज एका वकिलांना घेऊन कल्याणला निघाला होता. बाळारामनं आपली डबी काढली आणि सूरजच्या डॅशबोर्डवर ठेवली. "घेऊन जा. शेठला वाटंल मी कल्यानला हाय."

पण आदल्या दिवशीचं पनवेलचं भाडं तिच्यात तसंच राहिलं होतं. ते पुसायचं कसं, हे बाळारामला माहीत नव्हतं. सूरजची डबी म्हणायची सीधे चलिए. बाळारामची म्हणायची पीछे मुड़िए. सूरजची म्हणायची दाएँ, लगेच ही म्हणायची पीछे मुड़िए. उल्हासनगर ओलांडेपर्यंत वकीलसाहेबांनी सोसलं. मग त्यांनी डोक्याला हात लावला.

"भाऊ, घरी आई आणि बायको आहेत. निदान गाडीत तरी एकीचंच ऐकू द्या."

हे शेठपर्यंत पोचलंच. तो आला, आम्हाला ओळीत उभं केलं आणि पोट धरून हसला. "अरे, उसमें सिम ही नहीं है. मुझे क्या भेजेगी वो, चिठ्ठी?"

मग हसणं थांबवून बाळारामकडं बघून म्हणाला, "पर एक बात. फिर कभी काँच से उतरी, तो गाडी मेरे आंगन में खडी कर देना."

बाळाराम त्या दिवशी जेवला नाही. त्यानंतर डबीला त्यानं पुसायलासुद्धा हात लावला नाही. तिच्यावर धुळीचा थर बसला.

* * *

डबीचं चांगलंही सांगतो, नाहीतर मी एकाच बाजूनं बोलतोय असं व्हायचं.

शिरगावात नवीन इमारती उभ्या राहिल्या तेव्हा आमची फार पंचाईत झाली. सगळ्या एका रंगाच्या, सगळ्यांच्या गेटवर सोनेरी अक्षरं, आणि वॉचमन नेपाळहून कालच आलेला. पॅसेंजर फोनवर सांगणार, "मंदिरासमोर." मंदिरं तीन. अशा वेळी डबी बरोबर गेटपाशी नेऊन उभी करायची. मोबाईलची रेंज गेली तरी तिचं अडत नसे. मध्येच कोणाचा फोन येऊन रस्ता गायब होत नसे. आणि ती कधी चिडत नसे. तुम्ही दहा वेळा चुका, ती त्याच आवाजात अकराव्यांदा सांगणार. माझ्या घरातसुद्धा असं कोणी नाही.

एकदा एक बाई बसल्या, दिवस भरत आलेल्या, सोबत सासू. डबीनं मला शिरगावात अशा गल्लीत घातलं की जी मी कधी पाहिली नव्हती. दोन इमारतींच्या मधून, सिमेंटची, नवीकोरी. मी गाडी अगदी हळू घेतली. डबी म्हणाली, सीधे चलिए. आणि उजव्या हाताला मला ती चिंच दिसली.

ती चिंच आमच्या चुलत्याच्या बांधावरची. म्हणजे मी चाललो होतो ते आमचं भातखाचर होतं. इथं मी चिखलात लावणी केली आहे.

सासूबाई मागून म्हणाल्या, "काय हो, रस्ता माहीत नाही का? थांबलात का?"

मी म्हटलं, "माहीत आहे, बाई. रस्ता नव्हता तेव्हापासून माहीत आहे."

त्यांना ते काही कळलं नाही. पण हॉस्पिटलला आम्ही नेहमीपेक्षा लवकर पोचलो, हेही खरं.

* * *

आता मांजर्लीचा किस्सा. यात बाळारामची गाडी जाता जाता राहिली.

श्रावण संपत आला होता आणि तीन दिवस उघडीप नव्हती. वर धरणाकडं पाऊस झाला की मांजर्लीत पाणी येतं, हे तिथल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक आहे. ती आधीच जिन्यावर जाऊन बसतात. बाळारामच्या गाडीत एक साहेब होते, बदलापुरात नवीनच राहायला आलेले. डबीनं नदीकडचा रस्ता धरला. बाळारामनं वळणाआधीच गाडी उभी केली.

साहेब म्हणाले, "आता काय झालं?"

"पुढं पानी हाय साहेब. वरनं फिरून जाऊ."

"पाणी कुठं दिसतंय? बघा ना, मॅपवर रोड क्लिअर आहे. तुम्हाला फिरवून मीटर वाढवायचंय."

बाळाराम म्हणाला, "रोड हाय ना साहेब. मी कुठं नाय बोललो? खाली हाय."

साहेब ऐकेनात. बाळाराम खाली उतरला आणि छत्री उघडून गाडीपुढं उभा राहिला. माझ्या अंगावरून पाणी जाईल तेव्हा गाडी जाईल, असा. साहेबांनी तिथूनच शेठला फोन लावला. ड्रायव्हर उद्धट आहे, नकाशाप्रमाणे चालवत नाही, याला काढा. फोन स्पीकरवर होता, म्हणून शेठचं बोलणं बाळारामनं शब्दन् शब्द ऐकलं.

शेठनं शांतपणे विचारलं, "साहब, आप अभी किधर हो?"

"गाडीत."

"सूखे हो?"

"हो, पण..."

"तो ड्रायव्हर ने आपको डुबोया नहीं, ये कंप्लेंट है? लिख लेता हूँ."

* * *

उल्हासनगरचा एक छोटा सांगून पुढं जातो. सूरजनं एका लग्नाचं वऱ्हाड घेतलं होतं. हॉलचा पत्ता कॅम्पातला, म्हणजे निर्वासितांच्या जुन्या वस्तीतला. डबीनं त्याला बाजारातल्या अशा बोळात नेलं की दोन्ही आरसे मिटले तरी गाडी पुढंही जाईना आणि मागंही. पुढं हातगाडी, मागं टेम्पो, दोन्ही अंगाला पडद्याच्या कापडाचे तागे. आणि नेमकं तिथं डबी बोलली, आपकी मंज़िल आ गई है.

दुकानदार ओट्यावर बसून ऐकत होता. तो खिडकीत वाकून म्हणाला, "मंजिल आ गई ना, बेहनजी? तो फिर आओ, बैठो, पानी पियो."

टेम्पो निघेपर्यंत पाऊण तास गेला. वऱ्हाड हॉलवर पोचलं तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. पण नवरीच्या घराचे पडदे झाले.

सूरज अजून म्हणतो, डबी आणि दुकानदार मिळालेले होते. त्याला मी हसत नाही. मलाही तसंच वाटतं.

* * *

दसऱ्याला आम्ही गाड्या धुतो, झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. त्या वर्षी प्रश्न पडला, डबीची पूजा करायची की नाही? बाळाराम म्हणाला, "हत्यार हाय ना? मग करायची." त्याचा तिच्यावरचा राग तेव्हा कमी का झाला, हे मला त्या दिवशी समजलं नाही.

पहिली माझ्याच गाडीतली डबी, आणि तिला हळदकुंकू लावायचा मान त्यांनी मला दिला, वयानं मी मोठा म्हणून. मी कुंकवाचं बोट पाण्यात बुडवलं आणि तिच्या काचेवर मधोमध टेकलं. तिनं चिमणीसारखा आवाज केला. मी घाबरून हळदीचं बोट टेकलं. तिनं परत आवाज केला. मग अक्षता टाकल्या.

ती बोलायला लागली, पण कुठल्या भाषेत, ते देवाला ठाऊक. सूरज म्हणाला रशियन असेल. पानवाला म्हणाला मद्रासी. अक्षरंही त्याच भाषेत बदलली, त्यामुळे परत हिंदी कुठून आणायची तेही वाचता येईना. आणि मराठी-हिंदी सोडून मला तसंही कुठं काय वाचता येत होतं? मी चौथीपर्यंत गेलेला माणूस. सूरजनं दाबून दाबून हिंदी परत आणेपर्यंत आठ दिवस मी तशीच चालवली. एक पॅसेंजर तर खूश झाला, म्हणाला, "वा, इम्पोर्टेड वाटतं!"

सूरजनं विचारलं, "काका, समजतं काय तुम्हाला ती काय बोलते?"

मी म्हटलं, "नाही. पण आधीही मी ऐकत नव्हतोच. आता निदान पाप लागत नाही."

* * *

आता त्या रागाचं सांगतो.

दसऱ्यानंतर माझ्या लक्षात यायला लागलं की बाळाराम डबीला शिव्या देईनासा झालाय. तिची धूळ गेली होती. तो ती रोज मऊ फडक्यानं पुसायचा. स्टँडवरून निघताना, अगदी पलीकडच्या चौकापर्यंत जायचं असलं तरी, आधी तिचं बटण दाबायचा. जो माणूस डोळे मिटून अंबरनाथ ते कर्जत सांगायचा, कुठल्या वळणावर कोणाची म्हैस आडवी येते तेसुद्धा, तो आता डबीकडं बघून गाडी काढायचा.

सूरज म्हणाला, "काका, बाळादादा शेठचा माणूस झाला. बघा तुम्ही."

मला ते पटलं, याची आज लाज वाटते. पण पटलं. चुगली करणारा माणूस आधी असाच गप्प होतो. मी त्याच्याशी बोलताना शब्द तोलायला लागलो. तंबाखू मागितली तर द्यायचो, पण शेजारी बसत नव्हतो.

मग एक दिवस माझी गाडी गॅरेजला गेली. मला बदलापूरला एका वास्तुशांतीला जायचं होतं, आणि बाळाराम घरीच निघाला होता. चारचा सुमार, लख्ख ऊन. मी पुढं बसलो. त्यानं बटण दाबलं. डबी बोलायला लागली.

मी म्हटलं, "काय रं, स्वतःच्या घरी जायला ही कशाला?"

त्यानं गिअर टाकून गाडी काढली.

गाडी तो पहिल्यासारखीच चालवत होता. क्लच, ब्रेक, आरशात बघणं, सगळं जागच्या जागी. खड्डासुद्धा चुकवत होता. पण जिथं रस्ता फुटायचा तिथं वेग कमी करायचा आणि थांबायचा. डबी बोलली की मगच वळायचा. बदलापूर आलं. एका नाक्यावर डबीला उशीर झाला. ती कधी कधी मध्येच विचार करत बसते, तशी. मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या. बाळारामनं स्टेअरिंग घट्ट धरलं होतं. डावीकडं त्याच्याच घराचा रस्ता. तिथल्या वाण्याकडून तो पन्नास वर्षं सामान आणतोय.

मी म्हटलं, "बाळा, डावीकडं."

तो वळला. जरा पुढं जाऊन त्यानं गाडी बाजूला घेतली. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"हातपाय बरे हायत, धर्मा. डोळे बरे हायत. समोर मानूस आला तर ब्रेक आधी लागतो, मग मला कळतं. फक्त वळान जातंय. नाक्यावर आलो की सगळं पुसल्यावानी होतं."

"कधीपासून?"

"गणपतीपासनं." मग म्हणाला, "महेशला सांगू नको. त्याला कळलं तर आजच चावी काढून घेल."

डबी अजून बोलत होती. सौ मीटर बाद, वगैरे. मी तिच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. एकीकडं बाळाराम, दुसरीकडं मागच्या सीटवर बसणारी माणसं. मग सकाळी मी त्याला सांगितलं, हायवे नाही, घाट नाही, लांबचं भाडं नाही. लांबची भाडी मी घेईन, तू गावातली घे. आणि ज्या दिवशी समोरचा माणूस दिसायचा राहील, त्या दिवशी मीच महेशला फोन करीन. तो कबूल झाला. पोरासारखा मान हलवून कबूल झाला.

सूरजला मी एवढंच सांगितलं की बाळादादा शेठचा माणूस नाही. तो म्हणाला, "मग कुणाचा?" मी म्हटलं, "आपला." पोरगं शहाणं आहे. पुढं विचारलं नाही.

* * *

आणि हा शेवटचा, यंदाच्या उन्हाळ्यातला.

दुपारी शेठ आला. हातात कापडी पिशवी. म्हणाला, "चलो, डब्बियाँ निकालो. अब सबके पास मोबाईल है. पूरा लॉट एक आदमी ले रहा है." सगळ्यांकडं मोबाईल होता, ते खरंच. बाळारामकडचा मात्र बटणांचा. त्यात नकाशा येत नाही.

बाळाराम आपल्या गाडीत बसला होता, खिडकी उघडी. त्यानं ऐकलं. हलला नाही.

शेठ एकेक डबी घेऊन तिचं पोट साफ करत होता. विकण्याआधी आतलं सगळं पुसावं लागतं म्हणाला, नाहीतर घेणारा भाव पाडतो. तेव्हा आम्हाला कळलं की ती सगळं लक्षात ठेवत होती. तारखेनिशी, वेळेनिशी, कुठून कुठं. सूरजची उघडून शेठनं चष्मा वर केला.

"लोनावला. इतवार. साईं, उस दिन तो तेरा बुखार था ना?"

सूरजनं पिंपळाची पानं मोजायला सुरुवात केली. शेठ हसत हसत पुढची घ्यायचा. माझ्यातलं वाचून म्हणाला, "धर्मा, तू तो रोज शिवमंदिर के पास आधा घंटा खडा रहता है. दर्शन में इतना टाईम?" मी म्हटलं, "भजी चांगली मिळतात, शेठ." सगळे हसले. शेठ त्या दिवशी फार मजेत होता, त्याला दोन मिनिटं गप्प बसवत नव्हतं.

मग तो बाळारामच्या गाडीकडं वळला.

मी मध्ये गेलो. मला खोटं नीट बोलता येत नाही, आणि हळू बोलणाऱ्या माणसाचं खोटं तर लगेच उघडं पडतं. मी म्हटलं, "शेठ... ती... बिघडली आहे. राहू द्या. कोणी घेणार नाही."

"अरे, बिघडी हुई भी जाती है लॉट में." शेठनं मला बाजूला केलं, खिडकीतून हात घातला आणि डबी काचेवरून ओढून घेतली. बटण दाबलं. ती लगेच पेटली. त्यानं माझ्याकडं बघून भुवई उडवली आणि यादी उघडून मोठ्यानं वाचायला लागला, सूरजची वाचली होती तशी.

"स्टँड से मांजर्ली. शाम साढे पाँच." बोट फिरवलं. "स्टँड से मांजर्ली. छे बजे." हसला. "स्टँड से मांजर्ली. बाळाराम, ये मांजर्ली में कौन..."

तो थांबला. महेशच्या लग्नात शेठ मांजर्लीच्या त्याच घरी पंगतीला बसून जेवला होता.

बोट खाली खाली जात राहिलं. आता तो मनात वाचत होता, नुसते ओठ हलत होते. बरंच खाली गेला. बाळाराम समोर बघत होता. त्याचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते आणि गाडी बंद होती.

शेठनं यादी मिटली. काही पुसलं नाही. पुन्हा खिडकीतून हात आत घातला, डबी काचेला लावली आणि अंगठ्यानं दाबून धरली. रबर बसेपर्यंत त्यानं अंगठा काढला नाही. मग पिशवी उचलली आणि ऊन वाचवायला रुमाल डोक्यावर घेऊन स्कूटरकडं चालत गेला.